एकट्या फोटॉनची वाट कोण राखणार?

2025 च्या फेब्रुवारीत मायक्रोसॉफ्टने 'मायोराना 1' नावाची चिप जाहीर केली आणि 'टोपॉलॉजिकल' हा शब्द गणिताच्या वर्गातून थेट बातम्यांच्या मथळ्यात येऊन बसला. संयुक्त राष्ट्रांनी ते वर्ष क्वांटम विज्ञानाचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून घोषित केलं होतं. ऑक्टोबरमध्ये भौतिकीचं नोबेलही विद्युत मंडलातल्या क्वांटम परिणामांवरच्या कामाला मिळालं. हे शब्द वर्षभर कानांवर पडत राहिले, पण याच टोपॉलॉजीची प्रकाशाच्या क्षेत्रातली वाटचाल मात्र त्या गलबल्यात झाकली गेली. तिला टोपॉलॉजिकल फोटॉनिक्स म्हणतात. फोटॉनिक्स म्हणजे प्रकाशाला विजेसारखं चिपवरून खेळवण्याची विद्या.

तिच्याबद्दल एक वाक्य नेहमी वाचायला मिळतं: टोपॉलॉजीमुळे प्रकाश अडथळ्याला वळसा घालून जातो आणि मागे फिरत नाही. हे वाक्य अर्धं खरं आहे. क्वांटम प्रकाशाच्या कामात सगळी मदार उरलेल्या अर्ध्यावर आहे, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहावंसं वाटलं.

## एक फोटॉन हरवला तर एवढं काय बिघडतं?

इंटरनेटच्या ऑप्टिकल फायबरमध्ये वापरतात त्या 1550 नॅनोमीटर तरंगलांबीचा फक्त एक मिलिवॅट प्रकाश घेतला, तर त्यात दर सेकंदाला साधारण 8 वर 15 शून्यं इतके फोटॉन असतात. फोटॉन म्हणजे प्रकाशाचा सर्वांत लहान, आणखी न तुटणारा घास. त्यातले नव्वद टक्के वाटेत गळाले तरी संदेश वाचता येतो आणि अगदीच मंद झाला तर मध्ये अॅम्प्लिफायर बसवून त्याला पुन्हा जोर देता येतो.

क्वांटम तंत्रज्ञानात मात्र एकेका फोटॉनवर माहिती लादलेली असते. तो गेला की माहितीही गेली. अॅम्प्लिफायरही कामाचा नाही, कारण अज्ञात क्वांटम अवस्थेची हुबेहूब नक्कल करताच येत नाही. वूटर्स आणि झुरेक यांनी, आणि स्वतंत्रपणे डीक्स यांनी, 1982 मध्ये हे सिद्ध केलं. यंत्र सुधारलं म्हणून ही मर्यादा जाणार नाही, तो निसर्गाचाच नियम आहे. एकदा बिघडलेलं मागाहून सावरण्याचे जे मार्ग साध्या प्रकाशाला सहज मिळतात, ते इथे बहुतेक बंद असतात. त्यामुळे मुळात बिघडू न देण्याला इतकं मोल येतं.

एक छोटा हिशेब करून पाहा. चिपवर ओळीने वीस भाग आहेत आणि प्रत्येक भागातून 95 टक्के प्रकाश पुढे जातो. ऐकायला हे उत्तमच वाटतं. पण 0.95 ला वीस वेळा गुणलं की उरतात जेमतेम 36 टक्के. आता गणनेसाठी दहा फोटॉन लागणार आहेत आणि दहाही शेवटपर्यंत पोहोचायला हवेत. असं लाखात तीन-चार वेळाच घडेल.

नुसतं पोहोचूनही भागत नाही. फोटॉन एकमेकांसारखे हुबेहूब असावे लागतात. 1987 मध्ये हाँग, ऊ आणि मॅन्डेल यांनी एक प्रयोग केला. निम्मा प्रकाश परतवणाऱ्या आणि निम्मा आरपार सोडणाऱ्या आरशावर त्यांनी दोन बाजूंनी एकेक फोटॉन एकाच क्षणी आणून सोडला. दोघे तंतोतंत सारखे असतील तर ते नेहमी जोडीनेच एका बाजूने बाहेर पडतात. एक इकडे आणि एक तिकडे असं होतच नाही. रंग किंवा वेळ जराशी चुकली की ही जोडी फुटते. प्रकाशावर चालणाऱ्या क्वांटम संगणकाच्या बऱ्याच मोठ्या भागाचा पाया हा एवढासा परिणाम आहे.

आता हे सगळं ज्या वाटेवरून घडतं ती वाट पाहू. सिलिकॉन चिपवर प्रकाश नेणाऱ्या तारेला वेव्हगाइड म्हणतात. ती साधारण 220 नॅनोमीटर जाड आणि 500 नॅनोमीटर रुंद असते. एका केसाच्या रुंदीत अशा शंभराहून जास्त तारा मावतील. कोरताना तिच्या कडा नॅनोमीटरभर खडबडीत राहतातच. त्या खडबडीवर आपटून थोडा प्रकाश मागे उलटतो, थोडा बाहेर सांडतो. या तारेचं छोटं वर्तुळ केलं तर त्या रिंगमध्ये ठरावीक रंगच घुमतात आणि तारेची रुंदी एका नॅनोमीटरने चुकली तर तो रंगही साधारण नॅनोमीटरभर सरकतो. रिंग स्वतः ज्या अरुंद रंगाला धरते त्याच्या मानाने हे सरकणं प्रचंड असतं. एकाच आराखड्यावरून शेजारी शेजारी केलेल्या दोन रिंगा म्हणूनच वेगवेगळ्या रंगाचे फोटॉन देतात.

थोडक्यात रोग दोन आहेत. प्रकाश भलतीकडे जातो, आणि प्रत्येक चिप आपल्याच मनाची निघते.

## खांबाला गुंडाळलेला दोर

एखाद्या खांबाला दोराचे तीन वेढे द्या आणि दोन्ही टोकं हातात घट्ट धरा. खांब वर छताला भिडलेला आहे असं समजू. आता दोर सैल करा, ताणा, एक वेढा वर सरकवा, दुसरा तिरका होऊ द्या. दोराचा आकार क्षणोक्षणी बदलेल, वेढे मात्र तीनच राहतील. दोर थोडा हलवला म्हणून ते तीनाचे दोन होत नाहीत. त्यासाठी टोक हातातून सोडावंच लागतं.

टोपॉलॉजी म्हणजे आकार वाकवला-ताणला तरी न बदलणाऱ्या अशा गोष्टींचं गणित. मराठीत तिला संस्थितिविज्ञान असा शब्द आहे, पण बातम्यांत रुळला आहे तो टोपॉलॉजी, म्हणून मीही तोच वापरतो. आपल्या कामाचा मुद्दा इतकाच की वेढ्यांसारखी पूर्णांक संख्या किंचित बिघडू शकत नाही. ती आहे तशी राहते, नाहीतर एकदम बदलते.

निसर्गात ही गोष्ट पहिल्यांदा ठसठशीतपणे दिसली ती 1980 मध्ये. क्लाउस फॉन क्लिट्झिंग हे अतिशीत सिलिकॉनच्या नमुन्यावर तीव्र चुंबकीय क्षेत्र लावून विद्युतरोध मोजत होते. आकडे पायऱ्या-पायऱ्यांनी येत होते. प्रत्येक पायरी म्हणजे 25812.8 ओहम भागिले एक पूर्णांक. नमुना अशुद्ध होता, त्याचा आकार काही खास नव्हता, तरीही पायऱ्या अचूक येत होत्या. पुढे ही अचूकता अब्जात एका भागाहूनही बारीक आहे असं दिसलं आणि 1985 चं नोबेल त्यांना मिळालं. पायऱ्या इतक्या अढळ का, याचं उत्तर 1982 मध्ये डेव्हिड थाउलेस आणि सहकाऱ्यांनी दिलं: इलेक्ट्रॉनच्या लहरींच्या मांडणीत एक पूर्णांक दडलेला असतो, दोराच्या वेढ्यांसारखाच. थाउलेस, हाल्डेन आणि कोस्टरलिट्झ यांना 2016 चं नोबेल मिळालं ते याच विचारधारेसाठी.

मला या कथेत सर्वांत भावतं ते नमुन्याचं अशुद्ध असणं. अचूकता कारागिरीतून आली नव्हती, ती मांडणीतून आली होती.

## परतीची वाटच दुसरीकडे

हाल्डेन आणि रघू यांनी 2008 मध्ये छापलेल्या लेखात दाखवलं की हा पूर्णांक ही काही इलेक्ट्रॉनचीच मिरास नाही. लहर कोणतीही असो, तिच्यासाठी योग्य नक्षी असली की पुरे.

नक्षी म्हणजे काय? एखाद्या पदार्थात ठरावीक अंतरावर छिद्रं पाडली किंवा कांड्या उभ्या केल्या, की काही रंगांचा प्रकाश त्यात पसरूच शकत नाही. अशा रंगांच्या पट्ट्याला आपण वर्ज्य पट्टा म्हणू. प्रत्येक वर्ज्य पट्ट्याशी एक पूर्णांक जोडता येतो. एका नक्षीचा पूर्णांक 1 आहे आणि शेजारच्या नक्षीचा 0 आहे, तर त्यांच्या सीमेवर काय होईल? संख्या एकावरून शून्यावर हळूहळू उतरू शकत नाही. कुठेतरी दोराचं टोक सोडावं लागणार. ते सीमेवर सुटतं. वर्ज्य पट्टा फक्त तिथेच मिटतो आणि आत ज्या रंगाला मज्जाव होता त्याला सीमेवरून वाट मिळते.

ही वाट एकेरी असते. एक टेकडी आहे असं समजा. जाण्याचा रस्ता तिच्या एका अंगाला, येण्याचा दुसऱ्या अंगाला, आणि टेकडीतून बोगदा नाही. जाण्याच्या रस्त्यावर मोठा दगड पडला तरी गाडी उलट फिरून येऊ शकत नाही, कारण उलट दिशेचा रस्ता त्या अंगाला नाहीच. तिला दगडाला वळसा घालून पुढेच जावं लागतं. दगड टेकडीचाच भाग झाला आणि कडा थोडी बदलली, एवढाच त्याचा अर्थ.

2009 मध्ये एमआयटीतल्या झेंग वांग, यिडाँग चाँग, जॉन जोआनोपोलोस आणि मारिन सोल्याचिच यांनी हे करून दाखवलं. त्यांनी चुंबकाला प्रतिसाद देणाऱ्या फेराइटच्या कांड्या ओळीत उभ्या केल्या, चुंबकीय क्षेत्र लावलं, साधारण 4.5 गिगाहर्ट्झच्या सूक्ष्मलहरी कडेने सोडल्या आणि वाटेत धातूचा अडसर घातला. लहर अडसराला वळसा घालून पुढे गेली. उलट दिशेला काहीच परतलं नाही. बातम्यांतलं ते लाडकं वाक्य या प्रयोगाच्या बाबतीत पूर्ण खरं आहे.

अडचण ही की त्या लहरींची तरंगलांबी सहा-सात सेंटीमीटर होती. चिपवरच्या प्रकाशाची तरंगलांबी तिच्या हजारो पटींनी लहान, आणि त्या वारंवारतेला पदार्थ चुंबकाला जवळजवळ दादच देत नाहीत.

## चुंबकाशिवाय चुंबकाचं काम

मग लोकांनी चुंबकाचा परिणाम नक्षीतूनच उभा करायचं ठरवलं. 2013 मध्ये दोन ठिकाणी ते जमलं.

पहिला प्रयोग काचेतला. रेख्ट्समन, सेगेव, झामाइट आणि सहकाऱ्यांनी लेझरच्या अतिसूक्ष्म स्पंदांनी काचेच्या आत प्रकाशाच्या वाटा कोरल्या. काचेच्या तोंडाशी पाहिलं तर वाटांची टोकं मधाच्या पोळ्यासारखी मांडलेली. प्रत्येक वाट मात्र सरळ नाही, स्प्रिंगसारखी वळत वळत खोल गेलेली. सगळ्या वाटा एकाच दिशेने, एका तालात पीळ घेतात. तो पीळ चुंबकाचं काम करतो. कडेच्या वाटेत प्रकाश सोडला की तो काचेतून पुढे जाता जाता कडेकडेने एकाच दिशेला सरकतो, कोपरा आला की वळतो, एखादी वाट मुद्दाम गाळली तरी खळग्याला फेरी मारून पुढे जातो.

दुसरा प्रयोग मेरीलँडच्या मोहम्मद हाफेझी यांच्या गटाचा, सिलिकॉनच्या रिंगांचा. बऱ्याच रिंगा जाळीसारख्या मांडल्या आणि त्यांना जोडणाऱ्या मधल्या रिंगा जाणूनबुजून थोड्या सरकवल्या. त्यामुळे जाळीच्या एका घरातून फेरी मारून आलेली लहर निघाली तेव्हाच्या तालापेक्षा थोड्या वेगळ्या तालावर परतते. चुंबकीय क्षेत्रात फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या लहरीचंही हेच होतं. प्रकाशाला फरक कळत नाही आणि तो कडेची वाट धरतो.

पण रिंगांच्या प्रयोगात एक बारीक अट आहे. रिंगमध्ये प्रकाश घड्याळाच्या दिशेने फिरू शकतो आणि उलटही. घड्याळाच्या दिशेने फिरणाऱ्यासाठी कडेची वाट एकीकडे जाते, उलट फिरणाऱ्यासाठी दुसरीकडे. म्हणजे एकाच अंगाला दोन्ही दिशांचे रस्ते आले! प्रकाश आपली फिरण्याची दिशा टिकवेल तोवरच मागे फिरण्याचा धोका नाही. रिंगच्या भिंतीवरच्या खडबडीने ती दिशा उलटवली की तो परतीच्या रस्त्याला लागला. चुंबकाशिवाय केलेल्या बऱ्याच रचनांत अशी एखादी अट असते. बातमीत ती सहसा येत नाही.

## दहा जणांची रांग

या अटी म्हणजे काय ते कळायला सर्वांत साधी टोपॉलॉजिकल रचना घेऊ. सू, श्रीफर आणि हीगर यांनी ती 1979 मध्ये एका साखळी-रेणूसाठी मांडली होती.

दहा माणसं एका रांगेत उभी आहेत. प्रत्येकाने दोन शेजाऱ्यांपैकी जवळच्याचा हात धरायचा. पहिला-दुसरा जवळ, तिसरा-चौथा जवळ अशी मांडणी असेल तर पाच जोड्या होतात आणि कोणी सुटं राहत नाही. आता अंतरं उलटी करा: दुसरा-तिसरा जवळ, चौथा-पाचवा जवळ. मग चार जोड्या होतात आणि पहिला व दहावा एकटे पडतात.

आता सगळ्यांना थोडं थोडं हलवा. कोणी वीतभर डावीकडे, कोणी उजवीकडे. जोड्या तुटत नाहीत, पहिला एकटाच राहतो. त्याचं एकटेपण अंतरांच्या काटेकोर मापावर टिकलेलं नाही, कोण कोणाच्या जास्त जवळ यावर टिकलेलं आहे. हलवाहलव इतकी झाली की दोन्हीकडची अंतरं सारखीच व्हावीत आणि कोण कोणाचा जोडीदार तेच कळू नये, तर मात्र खेळ संपतो. तोच दोराचं टोक सुटण्याचा क्षण, वर्ज्य पट्टा मिटण्याचा क्षण.

चिपवर माणसांच्या जागी समांतर वेव्हगाइड ठेवा. वेव्हगाइडमधला प्रकाश भिंतीबाहेर थोडासा डोकावत असतो आणि शेजारी जवळ असेल तर तिकडे ओढला जातो. एकट्या पडलेल्या वेव्हगाइडमध्ये सोडलेला प्रकाश बहुतेक तिथेच राहतो, कारण त्याला ओढून नेणारं जवळ कोणी नाही.

सिडनी विद्यापीठात अँड्रिया ब्लँको-रेडोंडो आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये सिलिकॉनच्या अशाच रांगेच्या मधोमध, दोन उलट मांडण्या जिथे भेटतात तिथे, फोटॉनची जोडी जन्माला घातली. नंतर तारांची अंतरं मुद्दाम बिघडवलेल्या चिपा करून पाहिल्या. फोटॉनची जोडी आपल्या जागी टिकली.

मात्र या रांगेचं संरक्षण अंतरांच्या चुकांपुरतं आहे. तारांची रुंदी कमीजास्त झाली तर ती वेगळी गोष्ट. प्रत्येक तारेत प्रकाशाचा ताल वेगळा पडतो आणि ज्या सममितीवर हे गणित उभं आहे तीच मोडते. माणूस जागेवरून हलला तर चालतं, माणूस बदलला तर चालत नाही. 'टोपॉलॉजिकल संरक्षण' हे शब्द कुठेही वाचले की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो: कोणत्या चुकीपासून?

## क्वांटम कामात हाती काय लागलं?

2018 हे या विषयाचं भराचं वर्ष होतं. त्यातला मला सर्वांत मोलाचा वाटतो तो मेरीलँडचा, सुनील मित्तल, एलिझाबेथ गोल्डश्मिट आणि हाफेझी यांचा प्रयोग. रिंगांच्या त्याच प्रकारच्या जाळीत त्यांनी फोटॉनच्या जोड्या तयार केल्या. सिलिकॉनमध्ये लेझरचे दोन फोटॉन एकमेकांत मिसळून दोन नवे, वेगळ्या रंगाचे फोटॉन जन्मतात. एकाचा रंग जितका वर सरकतो तितकाच दुसऱ्याचा खाली. नेमके कोणते रंग निघतील ते साध्या रिंगांच्या ओळीत चिपगणिक बदलतं, कारण प्रत्येक चिपमधल्या चुका वेगळ्या. टोपॉलॉजिकल जाळीत कडेने जाणाऱ्या प्रकाशाचा वेग त्या रंगांच्या टप्प्यात जवळपास एकसारखा राहतो, म्हणून जोड्यांच्या रंगांचा नमुनाही चिपमागून चिप बराच सारखा येतो. हाँग-ऊ-मॅन्डेल परिणामाला असेच सारखे फोटॉन लागतात. वर सांगितलेल्या दोन रोगांपैकी दुसऱ्यावरचा हा उपाय आहे. वळसा घालण्याची दृश्यं पाहायला सुंदर असतात, पण माझ्या मते क्वांटम तंत्रज्ञानाला या विषयाचं खरं देणं हे, चिपमागून चिप सारखी निघण्याचं.

त्याच वर्षी मेरीलँडमध्येच सब्यसाची बारिक, एडो वॉक्स, हाफेझी आणि सहकाऱ्यांनी एकेक फोटॉन सोडणारा क्वांटम डॉट दोन नक्षींच्या सीमेवर ठेवला. क्वांटम डॉट म्हणजे अर्धवाहकाचा इतका सूक्ष्म कण की तो एखाद्या अणूसारखा ठरावीक रंगाचे फोटॉन देतो. चुंबकीय क्षेत्र लावून त्याचे दोन रंग किंचित वेगळे केले, तर एका रंगाचा फोटॉन डावीकडे गेला आणि दुसऱ्याचा उजवीकडे. म्हणजे फोटॉन कुठल्या दिशेने आला यावरून तो सोडणारी अवस्था ओळखता येते. क्वांटम डॉटांना प्रकाशाने एकमेकांशी जोडायचं तर याचा मोठा उपयोग आहे.

मेलबर्नच्या गटाने काचेतल्या चिपवर दोन टोपॉलॉजिकल सीमांवरचे फोटॉन एकत्र आणून हाँग-ऊ-मॅन्डेल परिणाम साधारण 93 टक्के स्पष्टतेने दाखवला. टोपॉलॉजिकल वाटेवर क्वांटम व्यतिकरण होऊ शकतं, एवढं त्यातून पक्कं झालं.

## 'मायक्रोसॉफ्ट म्हणतं ते हेच का?'

नाही, आणि हा घोळ आवर्जून दूर करायला हवा. तिथल्या कल्पनेत क्वांटम माहितीच अशा रीतीने विखरून ठेवायची असते की एका जागी धक्का बसून ती बिघडू नये. त्यासाठी कणांच्या एका खास सामूहिक अवस्थेची गरज असते आणि ती चिपवर खरोखर मिळाली का, यावर शास्त्रज्ञांमध्ये जोरदार वाद आहे.

टोपॉलॉजिकल फोटॉनिक्समध्ये वाट सांभाळली जाते, फोटॉनवर लादलेली माहिती नव्हे. फोटॉन एकमेकांशी जवळजवळ काहीच व्यवहार करत नाहीत, म्हणून हे गणित एका फोटॉनचंही तेच आणि भरघोस लेझरचंही तेच. वाट शाबूत राहिली की तिच्यावरून जाणारी नाजूक अवस्था टिकायला मदत होते, इतकंच. हे कमी नाही, पण क्वांटम चुका दुरुस्त करण्याचं काम त्याने टळत नाही.

## 'फोटॉन वळणं बिनबोभाट पार करतो, मग आणखी काय हवं?'

हा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्याचं उत्तर गैरसोयीचं आहे.

चिपवर करायला सोप्या अशा एका रचनेला व्हॅली-हॉल रचना म्हणतात. त्रिकोणी छिद्रांची नक्षी, आणि सीमेच्या पलीकडे तीच नक्षी उलटी. तिच्यावरून प्रकाश तीव्र कोनाची वळणंही सहज घेतो. वर्षानुवर्षं अनेक लेखांत ही वळणं संरक्षणाचा पुरावा म्हणून दाखवली गेली. मग 2023 मध्ये डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठातल्या सोरेन स्टोब्बे यांच्या गटाने अशा वाटा अतिशय सफाईने कोरल्या आणि मागे उलटणारा प्रकाश काळजीपूर्वक मोजला. तो भरपूर निघाला. कोरताना आपोआप राहणाऱ्या खडबडीपासून या रचनेला म्हणावं असं संरक्षण दिसलं नाही.

कारण समजण्यासारखं आहे. चिपवरचं ते आखीव वळण नक्षीची सममिती पाळतं. खडबड काहीच पाळत नाही. व्हॅली-हॉल वाटेवर दोन्ही दिशांचे रस्ते एकाच सीमेवर आहेत आणि त्यांना वेगळं ठेवते ती फक्त सममिती. वळणावर ती टिकते, खडबडीवर तुटते. टेकडीच्या दोन अंगांना असलेले दोन रस्ते वेगळे, आणि मध्ये नुसती रेघ आखलेले दोन रस्ते वेगळे.

हा निकाल वाचून काहींना विषयच संपला असं वाटलं असेल. मला उलट वाटतं. चुंबकाने केलेल्या खऱ्या एकेरी वाटा आणि सममितीच्या भरवशावर असलेल्या वाटा यांच्यातला फरक त्याने सगळ्यांसमोर आणला.

## 'आणि प्रकाश शोषला गेला तर?'

त्याला टोपॉलॉजीत इलाज नाही. पदार्थाने गिळलेला किंवा चिपच्या पातळीतून वर सांडलेला फोटॉन गेला तो गेलाच. वळसा घालून जाणारी वाट लांब असेल तर गळतीही वाढते. जागाही जास्त लागते: साध्या रचनेत एक वेव्हगाइड भागवतो ते काम इथे जाळीभर रिंगा करतात. शिवाय संरक्षण वर्ज्य पट्ट्याच्या रुंदीइतकंच. चुका त्याहून मोठ्या झाल्या की पूर्णांक टिकत नाही.

## 'त्यापेक्षा कोरण्याचं तंत्रच सुधारा की!'

ते सुधारतंच आहे आणि सुधारायलाच हवं. पण नॅनोमीटरच्या खाली प्रत्येक पाऊल अवघड होत जातं. आज चुकलेली रिंग ताळ्यावर आणायला तिच्यावर एक इवलासा हीटर बसवतात. तापवलं की सिलिकॉनचा अपवर्तनांक बदलतो आणि रंग हवा तिथे सरकतो. दहा रिंगांना हे ठीक आहे. हजारो रिंगा असतील तर हजारो हीटर, प्रत्येकाची वेगळी जुळणी, आणि एकाची उष्णता शेजारच्याला पोहोचते म्हणून पुन्हा जुळणी. रचनाच अशी असेल की ठरावीक प्रकारच्या चुका तिला बाधत नाहीत, तर या जुळणीचा बराच भार हलका होऊ शकतो.

हे किती प्रमाणात साधतं ते कळायला सरळ कसोटी आहे. एकाच चिपवर, एकाच वेळी, एकाच हाताने दोन वाटा कोरायच्या: एक टोपॉलॉजिकल, एक उत्तम आखलेली साधी. दोन्हींत प्रकाशाचा वेग सारखा ठेवायचा, कारण प्रकाश जितका हळू जातो तितका खडबडीवर जास्त विखुरतो, आणि वेग वेगळा असेल तर तुलनेला अर्थ उरत नाही. मग चुका मुद्दाम पेरण्याऐवजी कोरताना आपोआप होतात त्या तशाच राहू द्यायच्या. मागे किती प्रकाश उलटला ते मोजायचं, आणि दहा चिपांमधून निघालेले फोटॉन एकमेकांशी हाँग-ऊ-मॅन्डेलच्या आरशावर भिडवून त्यातल्या किती जोड्या फुटल्या ते मोजायचं. यापुढे टोपॉलॉजिकल प्रकाशाची बातमी आली, तर मी तिच्यात आधी हे दोन आकडे शोधीन.